वरात थांबते तिथून पुढे

गेल्या महिन्यात एका मित्राच्या घरी नाट्यवाचन होतं. पंधरा-सोळा माणसं, अर्धी सतरंजीवर, अर्धी भिंतीला टेकून. तिशीतल्या एका मुलाने लिहिलेलं दोन अंकी नाटक. पात्रं रॉबर्ट ब्राउनिंग आणि एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग हे इंग्रज कवी-दांपत्य, स्थळ फ्लॉरेन्समधलं त्यांचं बिऱ्हाड, काळ १८५५ ते १८६१. वाचन संपलं, चहा आला आणि चहाबरोबर वादही आला. हयातभर इंग्रजी कविता शिकवलेल्या एक बाई म्हणाल्या, जगाने प्रेमासाठी ज्यांच्याकडे बोट दाखवावं असं एक जोडपं उरलं होतं, तेही तुम्ही चव्हाट्यावर आणलंत. त्यावर एका मुलीने ताडकन सुनावलं की ते प्रेम वगैरे क्रमिक पुस्तकातलं. बायकोच्या पैशावर जगणारा नवरा आणि अफूवर जगणारी बायको, एवढंच त्या घरात होतं. पुढचा तासभर बैठक 'सुखी संसार' आणि 'दुःखी संसार' अशा दोन पक्षांत वाटली गेली. लेखक बिचारा हातातले कागद पुन्हा पुन्हा सरळ करत बसला. त्याला कोणी काही विचारलंच नाही.

मला दोन्ही पक्ष पटले नाहीत. का पटले नाहीत हे तिथे धड सांगता आलं नाही, म्हणून हे लिहितो आहे. ब्राउनिंग दांपत्याचं भांडण रंगमंचावर यायलाच हवं, असं माझं मत आहे. त्यांना खाली ओढायला नव्हे, आणि 'घरोघरी मातीच्या चुली' म्हणून मान डोलवायला तर मुळीच नव्हे. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून ती दोघं रुसली नव्हती. मेलेली माणसं बोलतात का, एका देशाची सुटका एका हुकूमशहाच्या भरवशावर सोडावी का, मुलाला मुलगा कधी करायचा, असे त्यांचे विषय होते. यांतल्या पहिल्या विषयावर रॉबर्टने कविता लिहिली, दुसऱ्यावर दोघांनीही लिहिल्या, आणि त्या एकमेकांना छेद देणाऱ्या आहेत. हे भांडण गाळलं तर मागे जे प्रेम उरतं ते दोन कवींचं राहत नाही. एक आजारी मुलगी आणि तिला सोडवायला आलेला एक उमदा तरुण, एवढंच उरतं.

जगाला माहीत आहे ती नेमकी हीच गोष्ट. १० जानेवारी १८४५ रोजी रॉबर्टने तिला पहिलं पत्र लिहिलं, तेव्हा त्याने तिला पाहिलंही नव्हतं. तुमच्या कविता मला मनापासून आवडतात, असं लिहून त्याच दमात त्याने तुम्हीही आवडता असं लिहून टाकलं. ती ३८ वर्षांची, लंडनच्या ५० विम्पोल स्ट्रीटवरच्या एका खोलीत आजारपणात अडकलेली. तो ३२ वर्षांचा. नाव तिचं मोठं होतं, त्याचं नव्हतं. हे लोक विसरतात. मग वीस महिने, ५७४ पत्रं, १२ सप्टेंबर १८४६ला मॅरिलबोनच्या चर्चमध्ये गुपचूप लग्न आणि आठवड्याभराने विल्सन नावाची मोलकरीण आणि फ्लश नावाचा कुत्रा घेऊन इटलीला पलायन. बापाने लेकीची पत्रं न फोडता ठेवली आणि १८५७मध्ये मरेपर्यंत तिचं तोंड पाहिलं नाही. रुडॉल्फ बेसिअरने यावर 'द बॅरेट्स ऑफ विम्पोल स्ट्रीट' हे नाटक लिहिलं, ते १९३०मध्ये माल्व्हर्नच्या महोत्सवात आलं, लंडनला गाजलं, न्यूयॉर्कला गाजलं, १९३४मध्ये त्याचा चित्रपट निघाला. आपल्याकडे पु. ल. देशपांड्यांनी त्याच नाटकाच्या आधाराने 'सुंदर मी होणार' लिहिलं. विम्पोल स्ट्रीटच्या जागी संस्थानिकाचा वाडा आला, एलिझाबेथची दीदीराजे झाली, आणि नाटकाचं नाव आलं ते कवी गोविंदांच्या कवितेतून. पायांनी अधू असलेल्या कवीची ओळ पायांनी अधू असलेल्या कवयित्रीच्या नाटकाला मिळाली, हा योग मला आजही हलवून जातो.

पण बेसिअरचं नाटक कुठे संपतं? ती घर सोडते तिथे. पुढे पंधरा वर्षांचा संसार आहे, चार गर्भपात आहेत, एक मुलगा आहे, 'ऑरोरा ली' हे तिचं दीर्घकाव्य आहे, आणि रंगमंचावर त्यातलं काहीच नाही. गंमत म्हणजे त्या नाटकावर तेव्हाही 'चव्हाट्यावर आणलं' हाच आरोप झाला होता, फक्त तो बापाच्या बाजूने. मुलीवरच्या त्याच्या मायेला बेसिअरने जो काळोखा रंग दिला, त्यावर बॅरेट वंशजांनी हरकत घेतली होती. म्हणजे मृत बापाला राक्षस करायला प्रेक्षकांची ना नव्हती. मृत नवरा-बायकोला माणूस करायचं म्हटलं की मात्र पावित्र्य आठवतं. हा न्याय कुठला?

आता भांडणाकडे. २३ जुलै १८५५, लंडनजवळ ईलिंगमध्ये एका वकिलाच्या घरी रात्रीची बैठक. डॅनियल होम नावाचा बावीस वर्षांचा तरुण आत्मे बोलावतो अशी त्याची ख्याती. टेबलाभोवती माणसं, दिवे मंद केलेले. टेबलाच्या कडेवरून एक हात वर येतो, क्लेमॅटिसच्या फुलांचा गजरा उचलतो आणि तो एलिझाबेथच्या डोक्यावर ठेवला जातो. ती भारावली. रॉबर्ट आतल्या आत उकळत राहिला. पुढे होम भेटायला आला तेव्हा जिन्यावरून खाली फेकून देईन, अशी धमकी त्याने दिली. होमनेही उट्टं काढलं: गजरा आपल्या डोक्यावर पडावा म्हणून ब्राउनिंगच जागा बदलून उभा राहिला होता, असं तो सांगत सुटला. त्यानंतर या घरात तो विषय वर्ज्य झाला. इतका, की पत्रात त्याबद्दल अवाक्षर लिहू नकोस, असं एलिझाबेथने बहिणीला बजावलं.

ती भोळी आणि तो शहाणा, असं म्हणून इथे मोकळं होता येईल. बैठकीत काहींनी तसं म्हटलंही. पण ती त्या टेबलाशी कशासाठी बसली होती? १८४०मध्ये टॉर्कीला तिचा लाडका भाऊ एडवर्ड समुद्रात बुडाला. तो तिथे थांबला होता तो तिनेच हट्ट धरला म्हणून. ते ओझं तिने आयुष्यभर वाहिलं. जिला मेलेल्या भावाकडून एक शब्द हवा आहे, तिच्यापुढे 'हे थोतांड आहे' हे वाक्य बरोबर असूनही किती तोकडं पडतं! आणि रॉबर्ट एवढा का पेटला? थोतांडं त्या काळी लंडनमध्ये पैशाला पासरी होती. सगळ्यांवर तो असा तुटून पडला नाही. मला वाटतं, होममध्ये त्याला स्वतःचंच विद्रूप दिसलं. रॉबर्टची सगळी कारागिरी म्हणजे मेलेल्यांना बोलतं करणं. मरणशय्येवरचा बिशप, बायकोचं चित्र पाहुण्याला दाखवणारा ड्यूक, थकलेला चित्रकार, सगळे त्याच्या तोंडून बोलतात. होम तेच करत होता, फक्त अंधारात आणि गंभीर चेहऱ्याने. एलिझाबेथ गेल्यावर तीन वर्षांनी, १८६४मध्ये, रॉबर्टने 'मिस्टर स्लज, द मीडियम' ही दीड हजार ओळींची कविता छापली. पकडला गेलेला भोंदू त्यात बोलतो, आणि बोलता बोलता विचारतो की कवी खोटं रचतात त्याला तुम्ही कला म्हणता, मग माझंच काय चुकलं? हा प्रश्न रॉबर्टने स्वतःवर उलटू दिला आहे. म्हणजे जेवणाच्या टेबलावर वर्ज्य झालेलं भांडण त्याने कवितेत पुढे चालू ठेवलं. याला खासगी कुरबूर म्हणायचं?

तेच नेपोलियन तिसऱ्याचं. हा फ्रेंच बादशहा इटलीला ऑस्ट्रियाच्या तावडीतून सोडवील यावर एलिझाबेथचा विश्वास होता, रॉबर्टचा नव्हता. १८५९च्या जुलैत व्हिलाफ्रांकाला त्याने परस्पर तह केला आणि ती अंथरूणाला खिळली. तरी १८६०च्या 'पोएम्स बिफोर काँग्रेस'मध्ये तिने त्याची बाजू सोडली नाही, आणि इंग्लंडमधून शिव्या खाल्ल्या. रॉबर्टही इटलीवर लिहीत होता. त्याने आपलं लिखाण फाडून टाकलं. त्याच्या मनातला नेपोलियन कागदावर यायला १८७१ उजाडलं, तोही एकटाच बोलत बसलेला, स्वतःची वकिली करणारा.

विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा असा की, रॉबर्टला हे आवडलं नसतं. खरं आहे, आणि हे मी हलक्यात घेत नाही. 'हाउस' नावाच्या कवितेत तो वाचकाला स्पष्ट बजावतो की माझ्या घरात डोकावू नका, दारातूनच फिरा. १८८९च्या उन्हाळ्यात कवी एडवर्ड फिट्झजेराल्डची पत्रं छापून आली. मिसेस ब्राउनिंग गेल्या, आता आणखी 'ऑरोरा ली' नकोत, सुटलो, अशा अर्थाचं वाक्य त्यात होतं. फिट्झजेराल्ड मरून सहा वर्षं झाली होती. ७७ वर्षांच्या रॉबर्टने त्याच्यावर अशी जहरी कविता लिहून छापली की वाचणारे दचकले. बायकोला जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली तरी ज्याचा तोल असा जातो, त्याच्या संसाराला निव्वळ 'दुःखी' म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग आठवावा. पण याच रॉबर्टने प्रेमाच्या दिवसांतली पत्रं जाळली नाहीत. बाकीचे कागद त्याने आगीत घातले, ही ५७४ राखून ठेवली आणि मुलाच्या हवाली केली. मुलाने १८९९मध्ये ती दोन खंडांत छापली. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण ही मूठ त्याने स्वतःच सैल सोडली होती.

आणि त्याने स्वतः काय केलं? १८६०च्या जूनमध्ये फ्लॉरेन्सच्या सान लोरेंझो चौकात एका ठेल्यावर त्याला जुन्या कागदांचं एक पिवळं बाड एका लिऱ्याला मिळालं. १६९८मध्ये रोममध्ये ग्विदो फ्रान्चेस्किनी नावाच्या सरदाराने आपली तरुण बायको पॉम्पिलिया आणि तिचे आईबाप यांचा खून केला होता, त्या खटल्याचे ते कागद होते. त्यातून त्याने वीस हजारांहून जास्त ओळींचं 'द रिंग अँड द बुक' लिहिलं. खरी माणसं, खरी नावं, खरं लग्न, खरा खून. नवरा बोलतो, बायको मरता मरता बोलते, वकील बोलतात, पोप बोलतो, गावातला हा पक्ष आणि तो पक्ष बोलतो. एकाचंही बोलणं पूर्ण खरं नाही, पूर्ण खोटंही नाही. मृतांच्या संसारात शिरायचा हक्क नाटककाराला कोणी दिला, हा प्रश्न विचारायचा असेल तर तो आधी रॉबर्ट ब्राउनिंगला विचारावा लागेल. त्याचं उत्तर त्या बारा भागांत आहे: शिरा, पण एका माणसाचं ऐकून बाहेर पडू नका. जाता जाता, ते पिवळं बाड एलिझाबेथला अजिबात आवडलं नव्हतं. तिने त्यात डोकंही घातलं नाही. हेही एक भांडणच, आणि त्याच्या सर्वांत मोठ्या काव्याच्या उगमापाशी असलेलं.

दुसरा आक्षेप पुराव्याचा आहे, आणि तो मला जास्त अडवतो. लग्नानंतर ही दोघं क्वचितच एकमेकांपासून दूर राहिली, म्हणून पत्रव्यवहार थांबला. प्रेमाच्या वीस महिन्यांत जवळजवळ सहाशे पत्रं, आणि पंधरा वर्षांच्या संसारात एकमेकांना सांगितलेलं असं कागदावर जवळपास काहीच नाही. जे आहे ते बहिणींना, नणंदेला, मित्रांना लिहिलेलं, आणि त्यातही बहुतेक तिच्या हातचं. मग नाटककार संवाद आणणार कुठून? रचणार. रचताना तो आजच्या काळातलं भांडण त्यांच्या तोंडी घालणार, ही भीती रास्त आहे. आमच्या बैठकीतल्या संहितेतही एक-दोन वाक्यं अशी होती की ती परवाच्या एखाद्या समुपदेशकाच्या खोलीतून उचलून आणल्यासारखी वाटत होती. पण म्हणून नाटकच लिहू नये? ज्या मुद्द्यांवर दोघांच्या छापील कविता एकमेकींसमोर उभ्या आहेत, तिथे रचायला जागा थोडी आणि आधार भरपूर आहे. ज्या मुद्द्यांवर काहीच आधार नाही, तिथे रंगमंचाला एक सोय आहे जी चरित्रकाराला नाही: पात्रं गप्प बसू शकतात.

तिसरी गोष्ट शब्दांची. 'दुःखी संसार' हे पोस्टरवर शोभतं, पण ते खरं नाही. कवीचा मोडलेला संसार पाहायचा असेल तर जॉर्ज मेरेडिथकडे जावं. चित्रकार हेन्री वॉलिसने मरून पडलेल्या कवी चॅटर्टनचं चित्र काढलं तेव्हा मॉडेल म्हणून मेरेडिथला झोपवलं होतं. पुढे मेरेडिथची बायको मेरी एलन त्याच वॉलिसबरोबर निघून गेली. १८६१मध्ये ती वारली, आणि पुढच्याच वर्षी मेरेडिथने 'मॉडर्न लव्ह' छापलं, सोळा-सोळा ओळींच्या पन्नास कविता. त्या मला फार आवडतात. तरी वाचताना सतत वाटतं की या खटल्यात एकाच बाजूचा वकील हजर आहे. कवी-चित्रकार डांटे गॅब्रिएल रोझेटीने तर पत्नी एलिझाबेथ सिडलच्या शवपेटीत भावनेच्या भरात आपल्या कवितांची वही ठेवली आणि १८६९मध्ये थडगं उकरून ती परत काढली. त्या बिचारीनेही कविता लिहिल्या होत्या, त्यांच्यासाठी कोणी काही उकरलं नाही. मेलेल्या बायकोचं खासगीपण असं जपलं गेलं! यांच्या शेजारी ब्राउनिंगचं घर ठेवलं की कळतं, तिथे दोन्ही बाजूंचे वकील हजर होते. म्हणूनच ते नाटकाचं घर आहे.

पैशाचा आरोपही धड मांडला जात नाही. घर मुख्यतः तिच्या उत्पन्नावर आणि पुढे तिचे नातलग जॉन केन्यन यांनी १८५६मध्ये मरताना ठेवलेल्या ११,००० पौंडांवर चाललं, हे खरं. पण कायद्याने बायकोची कमाई नवऱ्याचीच असण्याच्या काळात, लग्नाआधी तिच्या पैशावर पाणी सोडायला निघालेला हा माणूस होता. खरा काटा वेगळा होता. १८५५च्या नोव्हेंबरात त्याचा 'मेन अँड विमेन' हा कवितासंग्रह आला आणि पडला. वर्षभराने तिचं 'ऑरोरा ली' आलं आणि आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. एकाच छताखाली, बारा महिन्यांच्या अंतराने! त्यानंतर तो फारसं लिहीना; रोमला जाऊन मातीचे पुतळे करत बसला, आणि ती त्याच्या बहिणीला काळजीची पत्रं लिहीत राहिली. त्याला तिचा अभिमान होता याबद्दल शंका नाही. पण अभिमान आणि जखम एका छातीत मावत नाहीत, असं कोणी सांगितलं?

आपल्याला हे इतकं अवघड का वाटावं, तेही कळत नाही. याच व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात, आपल्याकडे, दोन कवींचा एक संसार झाला होता. नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, १९००मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळक गेल्यावर 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी नवऱ्याचा संताप, लहरीपणा, दुसऱ्याला घरातलं सगळं देऊन मोकळं होणं, काहीही झाकलं नाही. त्याने टिळक लहान झाले का? उलट रेव्हरंड टिळक आज अनेकांना माहीत आहेत ते त्या पुस्तकातल्या टिळकांमुळे. आणि टिळकांचं अपुरं 'ख्रिस्तायन' पुढे नेलं ते याच भांडणाऱ्या बाईने. १९९०मध्ये सुनीता देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' आलं, तेव्हा मात्र पु. लं.च्या अनेक चाहत्यांना ते झोंबलं. दीदीराजेचं बंड टाळ्या वाजवून पाहिलेला हाच प्रेक्षक. उंबरठा ओलांडणारी नायिका आपल्याला हवी असते, फक्त ओलांडल्यावर पलीकडे काय झालं ते तिने सांगू नये.

आता त्या मुलाच्या नाटकाबद्दल, कारण वादात तेच राहून गेलं. माझी तक्रार भांडण दाखवल्याची नाही. त्याच्या दोन अंकांत कोणी एकही ओळ लिहीत नाही, ही आहे. गजरा आहे, मॉर्फिनची बाटली आहे, नेपोलियन आहे, पण टेबलावर शाईची दौत नाही. कवी लिहिताना दिसले नाहीत की त्यांचं भांडण कोणाही शेजाऱ्याचं होतं. आणि विल्सन नाही. मालकिणीबरोबर घर सोडून आलेली ही मोलकरीण पुढे लग्न करते, १८५५मध्ये आई होते आणि नोकरीपायी ते तान्हं मूल इंग्लंडला बहिणीजवळ ठेवून यांच्याबरोबर परत फ्लॉरेन्सला जाते. 'ऑरोरा ली'मध्ये गरीब, फसवल्या गेलेल्या आईवर पानंच्या पानं आहेत. ते लिहिलं जात होतं तेव्हा शेजारच्या खोलीत विल्सन मालकिणीच्या मुलाचे केस विंचरत होती. दोघांच्या भांडणापेक्षा हा प्रसंग मोठा आहे, आणि तो नुसता एका कंगव्याने दाखवता येईल.

तो मुलगा, पेन, एलिझाबेथला लांब सोनेरी कुरळ्या केसांचा, मखमली अंगरख्यातला हवा असे. रॉबर्टला ते खुपायचं; ती असेपर्यंत तो गप्प बसला. निघताना जिन्यात लेखकाने मला विचारलं, शेवट कसा वाटला? त्याच्या नाटकात २९ जून १८६१च्या पहाटे ती रॉबर्टच्या मिठीत जाते आणि पडदा पडतो. मी म्हटलं, पडदा आणखी एक मिनिट थांबव. ती गेली, आणि थोड्याच दिवसांत त्याने बारा वर्षांच्या पेनचे ते सगळे केस कापून टाकले.

"पण मग रॉबर्ट वाईट दिसेल ना, काका?"

"पंधरा वर्षं तो त्या केसांवर गप्प बसला नव्हता, बारा वर्षं बसला होता. कापताना त्याचा हात कसा चालला असेल, ते नटाला ठरवू दे."

त्याने संहितेचं शेवटचं पान जिन्याच्या कठड्यावर ठेवलं आणि खिशातून पेन काढून खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं: कात्री.